टिन जागेवरच होते

मे महिन्याच्या शेवटी, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस सुरू असताना आलेल्या वादळानंतरच्या सकाळी आई अंगण झाडत होती, तेव्हा तिला पाल्यात एक काळी रबरी चकती सापडली. कडुनिंबाचा पाला, कोवळ्या लिंबोळ्या, कुणाच्या तरी गच्चीवरून उडून आलेला हिरव्या नेटचा तुकडा असा बराच केर तिने भरून टाकला. चकती मात्र घरातल्याच कुठल्यातरी वस्तूची असेल म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. त्या वेळी गल्लीचे सगळे लक्ष समोरच्या घराकडे होते. त्यांच्या छपरीचे दोन पत्रे उडाले होते. एक नालीत पडला होता आणि दुसरा विजेच्या तारेवर अडकून हळूहळू झुलत होता. वीज कंपनीची माणसे येईपर्यंत त्याला कुणी हात लावू नये म्हणून दोघे जण पोरांना हाकलत उभे होते. येणारा-जाणारा आमच्या घराकडे एकदा मान वर करून पाहत होता आणि म्हणत होता, ‘तुमचं बरं झालं, तुमचं टिन जागेवरच राहिलं.’ आईलाही ते ऐकून बरे वाटत होते. मला का कोण जाणे, खिडकीतली ती चकती सारखी दिसत होती.

समोरच्यांचे पत्रे बसवायला जे वयस्क मिस्त्री आले, ते दुपारी आमच्याकडे पाणी प्यायला थांबले. पाण्याचा गडू खाली ठेवता ठेवता त्यांनी खिडकीतली चकती उचलली, बोटाने दाबून पाहिली आणि आईला म्हणाले, ‘काकू, हे तुमच्या टिनाचं वायसर आहे. टिन हाललं नसतं तं हे खाली कायले आलं असतं?’ आई म्हणाली, ‘भाऊ, आमचं तर काहीच उडालं नाही.’ त्यावर ते हसले. ‘उडालेल्या टिनाची काही फिकर नाही जी, ते दिसते. न उडालेलं टिन पाहा लागते.’

वाऱ्याने छप्पर बिघडते म्हणजे नेमके काय होते, याची आपली कल्पना फार ढोबळ असते. वारा येतो, पत्र्याला धक्का देतो आणि पत्रा उडून जातो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपराला वारा ढकलत नाही, वर ओढतो. भिंतीला आदळलेली हवा छपराच्या कडेवरून वेगाने वर उसळते, तिथे पत्र्याच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो, आणि त्याच वेळी उघड्या दारातून, छपरीच्या मोकळ्या बाजूने आत शिरलेली हवा पत्र्याला खालून रेटते. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने वारे’ हे शब्द आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 17 किलो वजनाइतका भरतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्र्यावर तो 47 किलोच्या घरात जातो, आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीचा तेवढा पत्रा स्वतः 12 ते 13 किलोंपेक्षा जास्त नसतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी 100 किलोमीटरच्या झोतात त्याच पत्र्यावरची ओढ 130 किलोंपर्यंत पोहोचते, आणि हा हिशेब छपराच्या मधल्या भागाचा आहे. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहून बरीच अधिक असते. बांधकामासाठी वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी सेकंदाला 44 मीटर हा मूळ वेग धरलेला आहे. तो ताशी 158 किलोमीटर होतो. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा आधी खोटाच वाटतो.

हे कळल्यावर टिनावर ठेवलेल्या दगडांकडे मला पूर्वीच्या निर्धास्तपणे पाहता येईना. आपल्याकडे अर्ध्या शहराची छपरे दगड, विटा, जुने टायर आणि मोडक्या सायकलींच्या भरवशावर उभी आहेत. दगड असून असून किती किलोंचा असणार? ओढ त्याच्या कितीतरी पट असते, आणि पत्रा एकदा तिरपा झाला की तोच दगड घरंगळून खाली कुणाच्या तरी डोक्याच्या दिशेने निघतो.

लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौले होती. पुढच्या भागावर इंग्रजी कवेलू आणि मागच्या स्वयंपाकघरावर नळीचे देशी कवेलू. पश्चिमेकडून आकाश काळपट पिवळे होऊ लागले की आजी आधी पश्चिमेचे दार लावायची, मग खिडक्या, आणि वाळवणाचे पापड मागाहून उचलायची. पापड भिजतील म्हणून आम्ही ओरडायचो. तिला दाबाचे गणित ठाऊक नव्हते. पण वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले तर छप्पर ‘फुगते’ हे तिने पाहिलेले होते, आणि ते शब्दशः खरे आहे. वादळ ओसरल्यावर मात्र घरभर बारीक माती पडलेली असायची. कवेलूंच्या फटींतून ती चाळणीतून गाळल्यासारखी खाली यायची. अंथरुणे झटकली तरी रात्री दाताखाली कचकच लागायची. त्या फटींचा आम्हाला राग होता. आता कळते की त्या फटींतूनच हवा ये-जा करायची, आतला आणि बाहेरचा दाब बराचसा समान व्हायचा, आणि म्हणून आढ्याजवळचे आणि वळचणीचे काही कवेलू सरकले, फुटले तरी बाकीचे छप्पर बसलेले राहायचे. टिनाला फट नाही. ते धूळ आत येऊ देत नाही, आणि दाबाला बाहेर जाऊ देत नाही. कवेलू हप्त्याने जात असत. टिन एकरकमी जाते.

तरीही ते दिवस परत यावेत असे मला वाटत नाही.

दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणसे मिळायची, त्यांनाच मयाली आणि फाट्यांची, म्हणजे कवेलूंखालच्या लाकडांची, नजरेने पारख असायची. ती माणसे आता राहिली नाहीत. त्यातून वानरांचा जाच. एक टोळी छपरावरून पळत गेली की वादळाने केले नसते एवढे नुकसान व्हायचे. बाबा त्यातला फरक खालूनच ओळखायचे. वानराने फोडलेला कवेलू छपराच्या मधोमध, जागच्या जागी ठेचलेला असतो आणि त्याचे तुकडे तिथेच पडून असतात. वाऱ्याने हललेला कवेलू कडेचा किंवा आढ्याचा असतो, बहुतेक वेळा अखंड असतो, फक्त आपल्या खाचेतून उचलला जाऊन शेजाऱ्यावर तिरपा बसलेला असतो. गारांनी फुटलेल्या कवेलूंना अशी शिस्त नसते, ते छपरभर विखुरलेले सापडतात. ही पारख त्या वेळी मला निरुपयोगी वाटायची. पुढे आम्ही घराच्या पुढच्या भागावर स्लॅब टाकला, मागच्या भागावर टिन घातले आणि वर पाहण्याची सवयच सुटली.

नागपूरकर छपराचा विचार करतो तो उन्हाच्या संदर्भात. पारा 45 च्या पुढे गेला की छप्पर म्हणजे आपल्या आणि सूर्याच्या मधली एक कमकुवत तडजोड असते, आणि तिला बळ देण्यासाठी आपण तिच्यावर काय काय चढवतो. स्लॅबवर लोखंडी पाइपांचे शेड, शेडच्या बाजूंना हिरवी नेट, कडेला कूलरचा सांगाडा, पाण्याची काळी टाकी, बंद पडलेली डिशची छत्री, आणि अलीकडे सोलरचे पॅनल. यातली प्रत्येक गोष्ट वाऱ्याला धरायला एक नवी मूठ देते. चारही बाजूंनी उघडे असलेले गच्चीवरचे शेड तर वाऱ्याच्या दृष्टीने शिडासारखेच. त्याचे खांब स्लॅबमध्ये नीट बोल्ट करण्याऐवजी कठड्याच्या विटांत रोवलेले असतील, तर पत्रे टिकतात आणि सांगाड्यासकट सगळे शेड शेजारच्या घरावर जाऊन बसते. मजा अशी की वाऱ्याच्या कामाची पूर्वतयारी ऊनच करून ठेवते. जानेवारीतल्या पहाटे गारठलेला पत्रा मे महिन्यातल्या दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो; दहा फुटांचा पत्रा या फरकाने जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होतो. स्क्रू मात्र होता तिथेच असतो. वर्षभर रोज थोडे ताणायचे आणि थोडे आकसायचे, या खेळात स्क्रूभोवतीचे भोक मोठे होत जाते आणि खालचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते. मग एखाद्या संध्याकाळी वारा येतो आणि त्याला फार जोर लावावा लागत नाही.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी, टिन तापायच्या आत यायचे कबूल केले. आल्यावर ते लगेच शिडी लावतील असे मला वाटले होते. पण त्यांनी बराच वेळ खालीच काढला. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून त्यांनी आढ्याची ओळ पाहिली. ती सरळ हवी, कुठे किंचितही उचललेली दिसली तर तिथला पत्रा खालच्या लोखंडापासून सुटलेला असतो. मग वळचणीच्या कडेने नजर फिरवली. पन्हळींची रांग एका ठिकाणी शेजारच्या पत्र्याशी जुळत नव्हती. नंतर त्यांनी आईला विचारले, ‘काकू, रातच्याले थोडा वारा सुटला तं वरून फडफड येते का?’ आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, मांजर चालते असे वाटायचे. घरात येऊन त्यांनी दिवे बंद करायला सांगितले, दार लावून घेतले आणि अंधारात वर पाहत उभे राहिले. उन्हाचे बारीक ठिपके दिसू लागले. गोल ठिपका असेल तर नुसते रबर गेलेले आहे. लांबट, जोंधळ्याच्या कोंबासारखा दिसणारा ठिपका मात्र वाईट, कारण पत्र्याने वर-खाली उचल खाऊन भोक फाडलेले असते आणि तिथे स्क्रू असून नसल्यासारखा असतो. असे लांबट ठिपके आमच्या छपराच्या पश्चिम कडेला ओळीने लागलेले होते.

वर चढताना त्यांनी मला एवढेच सांगितले की पाय ठेवायचा तो स्क्रूंच्या ओळीवर, कारण तिच्याखाली लोखंड असते. मधल्या पत्र्यावर नाही. सिमेंटचे पत्रे असतील तर तेवढ्यावरही विसंबायचे नाही, आडवी फळी टाकल्याशिवाय पाऊलच ठेवायचे नाही, ते पत्रे खबर न देता फुटतात. त्याही आधी त्यांनी टिनाला कुठे विजेची तार घासत नाही ना, हे पाहून घेतले होते. वर गेल्यावर जुने आणि नवे नुकसान वेगळे करण्याची त्यांची रीत मला फार आवडली. भोकाभोवती तपकिरी गंज असून त्याचा ओघळ खाली गेलेला असेल तर ते दुखणे जुने. भोकाच्या काठाला चांदीसारखी कोरी चकाकी असेल तर तिथला पत्रा परवाच घासला गेला आहे. काही ठिकाणी दोन्ही होते: गंजाच्या वर्तुळात ताजी चकाकी. जुन्या पद्धतीचे, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वाकवलेले जे-हुक जिथे होते, तिथले दोन हुक ओढीने इतके सरळ झाले होते की त्यांची नुसती सळई राहिली होती; वरून नट घट्ट दिसत होता आणि खाली त्याने काहीच धरलेले नव्हते. दोन पत्र्यांचा सांधाही उलटा निघाला. वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करून होती, त्यामुळे प्रत्येक झोताला आत शिरायला जागा मिळत होती. पत्रे घालताना वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करायची असते, म्हणजे प्रत्येक कड वाऱ्याकडे पाठ करून बसते. भिंत आणि टिन जिथे मिळतात तिथली सिमेंटची पट्टीही केसाएवढी उकललेली होती. अंगठ्याने दाबल्यावर तिचा तुकडा हातात आला.

खालून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसले नसते. टिन जागेवरच होते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते या मधल्या काळाने. आपल्याकडे वादळे एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि खरा पाऊस जूनच्या मध्यानंतर. वारा आपले काम करून निघून जातो, वर पुन्हा लख्ख ऊन पडते, छप्पर कोरडे असते आणि घर निर्धास्त. मग महिन्याभराने पहिली झड लागते, छतावर डाग उमटतो आणि आपण म्हणतो, यंदाच्या पावसाने छप्पर गळायला लागले. ज्याने केले तो कधीच पसार झालेला असतो. त्यात पाणी आणखी फसवते. भोकातून आत आलेला थेंब तिथेच खाली पडत नाही, पत्र्याच्या पोटाला किंवा लोखंडाला धरून उताराने दूरपर्यंत चालत जातो आणि जिथे अडतो तिथे टपकतो. आपण त्या टपकण्याच्या वर चढून डांबर फासतो. आमच्या नात्यातल्या एका घरी असे डांबराचे थर इतके साचले होते की छप्पर नकाशासारखे दिसायचे, आणि पाणी त्या सगळ्याला वळसा घालून नेमाने येतच होते.

स्लॅब असलेल्या माणसाने हे वाचून सुस्कारा सोडू नये. स्लॅब उडत नाही हे खरे. पण त्यावरची वॉटरप्रूफिंगची चादर कडेपासून सोलली जाते, टाकीचे झाकण जाते, सोलर पॅनलचे क्लॅम्प सैल होतात, आणि कडुनिंबाचा पाला गच्चीचे पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी इतका गच्च बसतो की पहिल्याच पावसात गच्चीचे तळे होते. शेड अडकवण्यासाठी स्लॅबला पाडलेल्या भोकांभोवती वाऱ्याच्या हिसक्याने तडे गेलेले असतील, तर ते तळे थेट दिवाणखान्यात उतरते.

समोरच्या घराचा पंचनामा झाला. तलाठी आले, फोटो काढले गेले, टिनाचे पत्रे मोजले गेले. आपत्ती मदतीच्या 2022-26 साठीच्या सरकारी निकषात घराचे अंशतः नुकसान किमान 15 टक्के असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मिळतात; झोपडीसाठी 8,000 आहेत. आजच्या लोखंडाच्या भावात एवढ्यात किती पत्रे येतात हे लोहाओळीतल्या, म्हणजे नागपूरच्या लोखंड बाजारातल्या, कुठल्याही दुकानात विचारून पाहावे. पण माझा आक्षेप रकमेवर नाही. उडालेला पत्रा मोजता येतो. सैल झालेला कुठल्या रकान्यात लिहायचा? विम्याचीही रीत वेगळी नाही. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी वादळाचे नुकसान भरून देते, पण झीज आणि देखभालीचा अभाव तिच्या बाहेर आहे. म्हणजे सर्व्हेअर येतो तेव्हा तोही तेच पाहणार: गंज की चकाकी. चकाकी आठवड्याभरात काळवंडू लागते. म्हणून वादळानंतर ताडपत्री टाकण्याच्या आधी फोटो काढावेत, भोकांचे अगदी जवळून काढावेत, निघालेले स्क्रू, हुक आणि चकत्या भंगारवाल्याला न देता डब्यात ठेवाव्यात, आणि विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. आमचा विमा नव्हता. तरी फोटो मी काढले.

दुरुस्ती बघण्यासारखी होती. फाटलेल्या भोकातच जाडा स्क्रू ठोकण्याचा सोपा मार्ग मिस्त्रींनी घेतला नाही. जुने भोक पट्टी लावून बुजवले आणि नवा स्क्रू चांगल्या पत्र्यात, शेजारच्या पन्हळीच्या उंचवट्यावर दिला. रबर किंचित दबले पाहिजे, कडेने बाहेर फुगता कामा नये, असे ते आपल्या हाताखालच्या पोराला पुन्हा पुन्हा सांगत होते. ड्रिल मशीन हातात आले की पोरे कसतच राहतात आणि रबर पहिल्याच दिवशी चिरडले जाते. मधल्या भागापेक्षा कडांना स्क्रू दाट दिले. सरळ झालेले हुक सगळे काढून टाकले. आणि वळचणीच्या कडेने सगळ्या पत्र्यांवरून एक लोखंडी पट्टी आडवी टाकून ती खालच्या लोखंडाला बोल्ट केली. सरकारी बांधकामांच्या तपशिलात ही 40 बाय 6 मिलिमीटरची पट्टी असते. घरगुती कामात तिचा खर्च लोकांना नकोसा वाटतो, कारण ती लावल्याने काही नवे दिसत नाही. काम संपायच्या आधी ढग आले तेव्हा ताडपत्री टाकावी लागली. तिच्या कडा त्यांनी लाकडी पट्ट्यांभोवती गुंडाळून त्या पट्ट्या ठोकल्या, वर दगड ठेवले नाहीत. शेवटी नळीने पाणी मारून पाहिले, तेही खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू आढ्याकडे जात, आणि मी आत टॉर्च घेऊन उभा. वरून एकदम पाणी सोडले तर कुठून आत आले ते कळत नाही.

एकाच गोष्टीवर वाद झाला. मागच्या बाजूला टिन भिंतीच्या बाहेर चांगले अडीच-तीन फूट आलेले आहे, आणि मिस्त्रींच्या मते पत्रे उचलले जाण्याची सुरुवात तिथूनच झाली होती, कारण वाऱ्याला खालून धरायला तेवढी जागा आयती मिळते. ते म्हणाले, निम्मे कापून टाकू. आई कापू देईना. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, त्या सावलीशिवाय दुपारी चारनंतर ओट्यापाशी उभे राहवत नाही. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. ऊन लांब वळचण मागते आणि वारा आखूड. नागपुरात दोघांनाही नाराज करून चालत नाही. ‘काकू, सावली पाहिजे असन तं खाली ताटी बांधा, टिन कायले पुढं नेता?’ मिस्त्री म्हणाले. अखेर एक फूट टिन कापले, उरलेल्याला खालून दोन तिरपे टेकू दिले आणि खिडकीवर सोडण्यासाठी खसची ताटी आणली. ती वादळाच्या आधी उतरवून ठेवावी लागते. आकाश भरून आल्यावर ते काम कुणाचे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.